सरकारी खरेदीतील चार टक्के कोणाचे?



मुलगा शिकला की त्यास सरकारी नोकरी लागावी, हीच आपल्या घरांची आजवरची आकांक्षा. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्यांना जमीन, भांडवल आणि बाजार ही तिन्ही नाकारली गेली, त्यांना पगारावाचून दुसरा आधार कोणता होता? परंतु सरकार केवळ नोकऱ्या देत नाही, ते मालही विकत घेते. त्या खरेदीत तुमचा वाटा आहे, हे किती घरांस ठाऊक आहे?

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणान्वये मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. अशा उद्योगास निविदेचे कागद विनामूल्य मिळतात, बयाण्याची रक्कमही माफ असते. धर्मांतराने हा हक्क बुडाला, अशी धास्ती बाळगू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे; दाखल्यासाठी जुना धर्म लावण्याचे कारण उरलेले नाही.

मग प्रत्यक्षात ही खरेदी वर्षानुवर्षे ४ टक्क्यांच्या बरीच खाली का राहिली? पुरवठादारच मिळत नाहीत, असे अधिकारी सांगतात. हे अर्धसत्य होय. मार्गदर्शनासाठी २०१६ साली राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब निघाले, प्रशिक्षणवर्ग भरले. पण वर्गाच्या प्रमाणपत्राने कोणी पुरवठादार होत नाही. ज्याने दहा निविदा भरल्या, चार गमावल्या, अशा जाणत्याने नवख्याजवळ बसून एक निविदा पहिल्या कागदापासून शेवटच्या बिलापर्यंत नेली पाहिजे. खरा अडथळा बिलाचाच आहे. २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे न दिल्यास चक्रवाढ व्याज लागते. पण पुढच्या ऑर्डरीवर ज्याची चूल पेटते, तो ते मागणार कसे? व्याजाची वसुली खात्यानेच आपण होऊन करावी, अशी आमची मागणी आहे.

आणखी एका गृहस्थापासून सावध राहा. ‘नाव तुमचे, भांडवल माझे, तुम्ही फक्त सही करा,’ असे म्हणत तो दाराशी येईल. त्यास होकार दिलात, तर सरकारी तक्त्यात ४ टक्के भरलेले दिसतील, आणि तुमच्या घरातील मुलगा निविदा कशी भरावी हे शिकणारच नाही.

जवळच्या रेल्वे कारखान्यास माहितीच्या अधिकाराखाली एवढेच विचारा : गेल्या वर्षी आमच्या उद्योगांकडून किती खरेदी केली, आणि बिले किती दिवसांत चुकती केली?