जुन्या मिलिटरी जीपची काच बदलायची, तर कोणती बसवायची?

दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप आजही रॅलीत दिसली की मोबाइल बाहेर निघतात. तिची पुढची काच मात्र फोटोत बहुतेक वेळा आडवी, बॉनेटवर पाडलेली असते. ती स्टाइल नव्हे, युद्धातली गरज होती. काच पाडली की गाडीची उंची कमी होते, समोर गोळीबार करता येतो आणि उन्हात चमकणाऱ्या काचेमुळे शत्रूला पत्ता लागत नाही. त्यासाठी पाडलेल्या काचेवर कॅनव्हासचं कव्हरही घालत.

1941 ते 1945 दरम्यान विलीस आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. पुढे महिंद्राने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्यामुळे आपल्याकडे ही गाडी परकी वाटत नाही.

मग काच मिळते का? मिळते, आणि ते सोपं आहे. आजच्या कारची काच वळणदार असते, ती त्या मॉडेलसाठीच बनते. जीपची काच सपाट आहे. चौकटीचा पुठ्ठ्याचा साचा नेला, तर काचवाला तुकडा कापून देतो.

खरी चूक इथेच होते. खिडकीची साधी काच स्वस्त आणि दिसायला सारखीच. पण ती फुटली की लांब, धारदार तुकडे थेट चेहऱ्यावर येतात. जुन्या जीपला बहुतेक वेळा सीटबेल्टही नसतो! टफन्ड काचेचे तुकडे बोथट होतात, पण ती एकदा तयार झाली की कापता येत नाही. शिवाय तडा गेला की अख्खी काच एका क्षणात चुरा होते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे तुकडे जागीच चिकटून राहतात. जीपला हीच बसवावी. जुनी काच कडेने पांढरट किंवा पिवळी झालेली दिसते, तेव्हा हाच मधला थर खराब झालेला असतो. पॉलिश करून तो डाग जात नाही.

बसवण्याआधी चौकट सपाट फरशीवर ठेवून पाहायची. ती पिळलेली असेल, तर नवी काचही तडकणार. गंजलेले स्क्रू घाईने फिरवले तर तुटतात. त्यांना आदल्या रात्रीच तेल सोडलेलं बरं. काच चौकटीपेक्षा किंचित लहान हवी, कडेच्या रबरासाठी जागा लागते.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 नुसार गाडीला सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंग हवं आणि पुढच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत यायला हवा. 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. मात्र तिथे मोठा बदल म्हणून उल्लेख आहे तो चॅसी, बॉडी आणि इंजिनातल्या फेरफारांचा. काच त्या यादीत नाही.

मूळ कंपनीचा शिक्का असलेली जुनी काच हौशी संग्राहकांना मोलाची वाटते. ती फेकू नये. गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवावी आणि रस्त्यावर जाताना नवी लावावी.