बोर्ड पुल्लिंगी, फळी स्त्रीलिंगी

शीर्षक वाचून हा व्याकरणाचा लेख आहे असं समजून पान उलटू नका. विषय आहे स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायची फळी. त्यातही मुलींसाठीचा, उड्या आणि कोलांट्या मारायचा, म्हणजे 'फ्रीस्टाइल' स्नोबोर्ड. आता आपल्याकडे मेसच्या फ्रीजरमध्येसुद्धा बर्फ धड होत नाही, मग हा विषय या अंकात कशाला? तर माझ्या मते हा प्रश्न बर्फाचा कमी आणि एसओएमचा जास्त आहे. सेकंड इयरला बीम बेंडिंगनं ज्याला ज्याला छळलंय, त्या प्रत्येकाला तो कळेल. (सिव्हिलवाल्यांनो, तुम्हीसुद्धा वाचा.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. 'लेडीज बोर्ड' चांगला की वाईट हे ठरवताना तो किती मऊ, किती सोपा आणि दिसायला कसा, एवढंच पाहिलं जातं. पाहायला हवं ते हे, की अमुक किलोच्या, अमुक नंबरचा पाय असलेल्या मुलीखाली तो किती वाकतो आणि किती पिळला जातो. पहिली गोष्ट मत आहे, दुसरी मोजमाप. इंजिनियरनं कुठली निवडावी हे सांगायला नको.

गंमत म्हणजे या खेळाचा जन्मच मुलींसाठी झाला. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनियरनं आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली. त्याच्या बायकोनं तिला नाव दिलं 'स्नर्फर', स्नो आणि सर्फ मिळून. त्या स्नर्फरवर वाढलेल्या जेक बर्टननं १९७७ मध्ये व्हरमाँटला बोर्डाची कंपनी काढली, आणि पुढे हा खेळ म्हणजे 'पोरांचा' खेळ होऊन बसला! मुली होत्या, पण मुलांच्या बोर्डावर. शॅनन डन, टीना बासिक अशा खेळाडूंच्या नावाचे, मुलींच्या मापाचे बोर्ड बाजारात यायला १९९० चं दशक उजाडलं. जी वस्तू मुलींसाठी तयार झाली, ती मुलींच्या मापाची व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

ज्यांना बोर्ड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मध्ये लाकडाचा गाभा, वर आणि खाली फायबरग्लासचे थर, तळाला पॉलिथिलीन, कडेला पोलादी पट्टी. सरळ सँडविच बीम. फ्रीस्टाइलचा बोर्ड बहुधा 'ट्विन' असतो, म्हणजे पुढचं टोक आणि मागचं टोक सारखंच, कारण हवेत गिरकी घेऊन उलटं उतरलं तरी फळीला फरक पडू नये. जमिनीवर ठेवल्यावर मधला भाग कमानीसारखा वर राहिला तर तो कॅम्बर. टोकं वर उचललेली असतील तर रॉकर. कॅम्बर उडी मारताना स्प्रिंगसारखा परत ढकलतो, रॉकर चुकीला माफी देतो. हल्ली दोन्हींची सरमिसळ असते. तळाचं मटेरियल, रंग, चित्रं वगैरे गोष्टींवर जाहिराती पानंच्या पानं भरतात, मी त्या सोडून देते.

आता मुद्द्याचं. समजा ७५ किलोच्या मुलासाठी १६० सेंटिमीटरचा बोर्ड छान चालतो. मुलीसाठी करायचा म्हणून तोच बोर्ड लांबी, रुंदी, जाडी सगळ्यात १० टक्के कमी केला, म्हणजे १४४ सेंटिमीटर. आणि मुलगीही त्या मुलाची ०.९ प्रतिकृती धरू. झालं काम? नाही. वजन घनफळाच्या प्रमाणात जातं, ०.९ चा घन म्हणजे ०.७३, म्हणजे मुलगी साधारण ५५ किलोची. बोर्डाचा ताठपणा मात्र रुंदी गुणिले जाडीचा घन भागिले लांबीचा घन असा जातो. आकडे घाला, तो फक्त ०.९ होतो. वजन २७ टक्क्यांनी कमी आणि ताठपणा १० टक्क्यांनीच कमी! म्हणजे लहान केलेला बोर्ड लहान माणसाला मोठ्यापेक्षा जास्त ताठ लागतो. लांबीच्या हिशेबात त्याच्याइतकाच वाक तिला हवा असेल तर जाडी १० नव्हे, १३ टक्के कमी करायला हवी. आठ मिलिमीटरच्या गाभ्यात हा फरक येतो जेमतेम पाव मिलिमीटर. तेवढ्या पाव मिलिमीटरवर एखादी मुलगी वळते किंवा वळत नाही.

(सर म्हणतील, बोर्ड काही एकसारख्या जाडीचा आयताकृती बीम नसतो. मान्य. पण पहिला अंदाज म्हणून हे गणित चालतं, आणि दिशा तर नक्कीच बरोबर दाखवतं.)

दुसरी गोष्ट पायाची. बोर्ड वळवायचा म्हणजे टाचेनं किंवा चवड्यानं एक कड दाबायची. पाय आडवा असतो, त्यामुळे पायाची लांबी आणि बोर्डाची रुंदी यांचं जमलं पाहिजे. माझा बुटाचा नंबर ४, म्हणजे पाऊल साधारण २३ सेंटिमीटर. पंधरा अंश तिरपा बांधला तर आडवी लांबी उरली २२ च्या आसपास. पुरुषांच्या बोर्डाची कंबर (हो, त्यालाही कंबर असते, मधला अरुंद भाग) २५ सेंटिमीटर किंवा वर, आणि पायाखाली तो त्याहून थोडा रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊल कडेच्या दीड-दोन सेंटिमीटर आत! बूट ते अंतर कसंबसं भरून काढतो, पण दाब द्यायला तरफ उरत नाही. महिलांच्या बोर्डाची कंबर साधारण साडेतेवीस ते साडेचोवीस असते ती याचसाठी, नाजूक दिसावं म्हणून नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. फेब्रुवारीत आम्ही तिघी मैत्रिणी गुलमर्गला गेलो होतो. वर्षभराचे ट्यूशनचे पैसे त्यात गेले, पण तो वेगळा विषय. भाड्यानं सामान देणाऱ्या माणसानं उंचीसुद्धा नीट विचारली नाही, १५६ चा बोर्ड हातात दिला. "लेडीजवाला नहीं है क्या?" विचारलं तर, "मॅडम, सब एक ही है." मी ५२ किलोची. दोन दिवस बोर्ड मला नेईल तिकडे मी जात होते. शिकवणारे दादा प्रेमळ होते, पण त्यांचं एकच पालुपद, "जोर लगाओ, मॅडम, जोर!" बरोबरची मैत्रीण तर रडकुंडीला येऊन म्हणाली, "अगं, आपल्यात ताकदच नाही बहुतेक." तिसऱ्या दिवशी आमच्याच बॅचमधल्या दिल्लीच्या एका मुलीनं तिचा स्वतःचा १४३ चा बोर्ड तासभर दिला. तिसऱ्या प्रयत्नात मी चवड्यावर वळले. ताकद तीच, पाय तेच, बर्फही तोच.

मला राग येतो तो इथे. सामान चुकीचं असतं आणि निदान माणसाचं होतं. 'तुझ्यात दम नाही' हे वाक्य ऐकून किती जणींनी खेळ सोडला असेल? आणि जी सोडत नाही ती पडते. शिकाऊ स्नोबोर्डरला सगळ्यात जास्त होणारी दुखापत मनगटाची असते, पडताना आपण हात टेकतो म्हणून. न वळणाऱ्या बोर्डावर माणूस जास्त वेळा पडणार हे सांगायला मेडिकलची ॲडमिशन लागत नाही.

पण म्हणून 'मुलींचा बोर्ड म्हणजे मऊ बोर्ड' हा निष्कर्ष काढाल तर तो दुसऱ्या टोकाचा आळस झाला. बोर्डाची परीक्षणं मी हौसेनं वाचते. महिलांच्या बोर्डाला 'समजूतदार', 'माफ करणारा', 'आत्मविश्वास देणारा' अशी विशेषणं लागतात, मुलांच्या बोर्डाला 'आक्रमक' आणि 'ताकदवान'. जणू एक बोर्ड नसून सून आहे आणि दुसरा पैलवान! आता वर कोण काय करतंय ते पाहा. उड्या आणि लोखंडी रेलिंगवरच्या घसरणीचा स्लोपस्टाइल हा प्रकार २०१४ ला सोचीत ऑलिंपिकमध्ये आला. महिलांचं पहिलं सुवर्ण अमेरिकेच्या जेमी अँडरसनला, आणि २०१८ ला पुन्हा तिलाच. बिग एअर २०१८ ला आलं. २०१८ आणि २०२२ दोन्ही सुवर्णं ऑस्ट्रियाच्या ॲना गासरची. हीच गासर २०१८ मध्ये हवेत तीन उलट्या मारून उतरणारी पहिली महिला ठरली. त्या उंचीवरून उतरताना वजन ५५ किलो असलं तरी फळीवर येणारा भार ५५ किलोचा राहत नाही, काही पट होतो. तिथे मऊ बोर्ड घडी होऊन टोक बर्फात रुतवेल. रेलिंगवर मात्र थोडा मऊ, पिळता येणारा बोर्डच बरा. म्हणजे 'बाईला काय हवं' या प्रश्नाला एक उत्तरच नाही. कुठली बाई, किती वजनाची, कशावरून उडी मारणार, एवढं विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

२०१८ चीच प्योंगचांगची महिलांची स्लोपस्टाइल फायनल आठवा. वाऱ्यामुळे पात्रता फेरी रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी तसल्याच वाऱ्यात फायनल उरकली. बहुतेक जणी पडल्या किंवा धाव अर्धवट सोडली. हलक्या शरीराला हवेत वारा जास्त ढकलतो, कारण पृष्ठफळ वर्गानं कमी होतं आणि वजन घनानं. पुन्हा तेच ०.९ चं गणित!

चांगली उदाहरणंही आहेत, नाहीतर मी नुसतीच कुरकुर करतेय असं वाटेल. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बनणारा ग्नू कंपनीचा 'लेडीज चॉइस' हा फ्रीस्टाइल बोर्ड घ्या. नाव जुनाट आहे, मला मुळीच आवडत नाही. पण त्याच्या दोन्ही कडा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. टाचेच्या बाजूनं वळणं चवड्यापेक्षा अवघड असतं, कारण चवड्याकडे घोटा आणि बोटं मदत करतात, टाचेकडे फारसं काही नसतं. म्हणून टाचेकडच्या कडेचा बाक जास्त खोल. हा विचार बाईचा किंवा पुरुषाचा नाही, घोट्याचा आहे. आणि म्हणूनच तो मला 'मुलींसाठी खास' म्हणून गुलाबी फुलं छापलेल्या कुठल्याही बोर्डापेक्षा जास्त आदराचा वाटतो. शिवाय बऱ्याच कंपन्या प्रत्येक लांबीपुढे वजनाची मर्यादा छापतात, हेही प्रामाणिक काम.

घोडं अडतं ताठपणाच्या आकड्यावर. प्रत्येक कंपनी दहापैकी आकडा देते, पण हे दहा म्हणजे काय याचं सगळ्यांना बांधणारं प्रमाण नाही. एकीचा ४ दुसरीचा ६ असू शकतो. आणि महिलांच्या यादीतला ५ हा पुरुषांच्या यादीतल्या ५ एवढाच की त्यातल्या त्यात? कोण जाणे! आपल्या लॅबमध्ये 'या स्प्रिंगचा ताठपणा दहापैकी पाच' असं जर्नलमध्ये लिहा आणि व्हायवाला काय होतं बघा.

खरं तर मोजणं अजिबात कठीण नाही. बोर्ड दोन टेकूंवर ठेवा, मधोमध २० किलो टांगा, डायल गेजनं वाक मोजा. एक बाइंडिंगची जागा पकडून दुसरी पिळा, किती अंश वळते ते लिहा. वळणाची सुरुवात या पिळण्यानंच होते आणि ते फारसं कोणी छापत नाही. हवेत फिरवताना किती जड जाईल हे हवं असेल तर दोन दोऱ्यांनी टांगून हलवा आणि आंदोलनं मोजा. ओळखलंत का? बायफिलर सस्पेन्शन! आयुष्यात कधी उपयोग होणार नाही म्हणून आपण ज्याच्या रीडिंग सीनियरच्या जर्नलवरून उतरवतो, तेच. कॅनडातल्या शेरब्रूक विद्यापीठातल्या संशोधकांनी तर स्कीचा वाक आणि पीळ टोकापासून टोकापर्यंत मोजणारं यंत्रच केलंय. म्हणजे अडचण तंत्राची नाही. मोजावंसं वाटण्याची आहे.

"पण बारीक चणीचा मुलगाही असतो, आणि धिप्पाड मुलगीही असते, मग वेगळा बोर्ड हवाच कशाला?" असं आमच्या कट्ट्यावर एकानं विचारलं. प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं, की दुकानात 'लेडीज' आणि 'जेंट्स' या पाट्या नसल्या तरी चालेल, पण २३ सेंटिमीटरच्या पायाचा आणि ५० किलोचा बोर्ड त्या दुकानात असला पाहिजे, आणि तो फक्त शिकाऊंच्या दर्जाचा नको. पाटी काढली आणि लहान मापंही काढली, तर ती समानता फक्त भिंतीवर राहते. गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होतात, स्नोबोर्डवर मुलीही उतरतात. त्यांच्यातल्या किती जणींच्या पायाखाली स्वतःच्या वजनाचा बोर्ड असतो, हे मला पदकांच्या तक्त्याआधी वाचायला आवडेल.

ता. क. मेकॅनिकल विभागातल्या सरांना एक विनंती. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी 'स्नोबोर्डचा वाक व पीळ मोजण्याची चाचणी-चौकट' हा विषय मी आणि माझ्या दोन मैत्रिणी देणार आहोत. चौकटीला एमएस अँगल, दोन डायल गेज आणि वजनं एवढंच लागेल. बोर्ड दिल्लीहून कुरिअरनं येतोय, १४३ चा. सर, नाही म्हणू नका.