शून्य केळी, शून्य मुले

कुंभकोणम् येथे सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांचे बालपण या घरी गेले.

त्यांच्या शाळेतील एक आठवण चरित्रकार सांगतात. कोणत्याही संख्येस त्याच संख्येने भागले असता उत्तर एक येते, असे गुरुजी शिकवीत होते; तीन केळी तीन मुलांत वाटली, तर प्रत्येकास एक! लहानग्या रामानुजनने विचारले, केळे एकही नसले आणि मुलगाही एकही नसला, तरी प्रत्येकास एक मिळेल काय? प्रश्न वेडगळ भासतो. परंतु शून्यास कशानेही गुणले तरी शून्यच येते. म्हणून शून्य भागिले शून्य याचे निश्चित उत्तर गणितातही नाही.

पुढे इंग्लंडात ते रुग्णशय्येवर असता प्राध्यापक हार्डी टॅक्सीने भेटीस आले. टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक त्यांना नीरस वाटला होता. रामानुजनांनी तत्काळ सांगितले की, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे : १ व १२ यांचे घन, तसेच ९ व १० यांचे. शाळकरी मुलाची ती दृष्टी अद्याप तशीच होती.

परवा माझ्या मुलीने विचारले, "बाबा, सावलीला सावली का नसते?" हातातील मुद्रितांवरून मान न उचलता मी म्हणालो, "मोठी झालीस की कळेल." मग ती काही बोललीच नाही. रात्री दिव्यापुढे हात धरून पाहिला, तेव्हा उमगले, नेमके उत्तर मलाही देता येत नव्हते! सकाळी मी तसे तिला सांगितले. आता आम्ही दोघे मिळून ते शोधीत आहोत.