सोळा तासांचा हिशेब

विमान कंपन्यांवर माझा एकच आरोप आहे. त्यांना हिशेब येतो, पण तो त्या पुरता सांगत नाहीत. मी बी.कॉम. झालेला, वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस. अर्धवट ताळेबंद दिसला की माझं पित्त खवळतं.

मुंबई-न्यूयॉर्क घ्या. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, थेट विमानाला साधारण १६ तास. आमच्या सोसायटीत हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. वर पालुपद, ‘जग किती जवळ आलं हो!’

आधी अंतर पाहू. हा आकडा पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलेला. विमान त्या दोरीवरूनच जातं, असं तुम्हांला कोणी सांगितलं? त्याला वारा बघावा लागतो आणि खाली कोणाचा देश आहे तेही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास १३ तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागी! भांडण सरकारांचं, पाय अवघडले प्रवाशाचे.

आता वेळ. तिकडच्या उन्हाळ्यात मुंबईहून रात्री २ ला निघालेलं विमान त्याच सकाळी साडेआठला न्यूयॉर्कला. घड्याळाने अवघे साडेसहा तास! उरलेले साडेनऊ हे कर्ज आहे, साहेब. येताना वारा पाठीशी, प्रवास १४ तासांचा धरा. पण घड्याळ साडेतेवीस तास पुढे गेलेलं असतं. मुद्दल पै न पै वसूल. व्याज शरीर भरतं, आठवडाभर पहाटे तीनला टक्क जागं राहून.

आणि ते १६ तास विमानाचे, माणसाचे नव्हेत. पुण्याच्या सत्तरीतल्या आजींचे मांडा : मुंबईपर्यंत टॅक्सी ४, विमानतळावर आधी ३, आकाशात १६, रांगा आणि बॅगा २, लेकीच्या घरापर्यंत १. एकूण २६. आजी बिचाऱ्या सोळाच्या हिशेबाने रक्तदाबाची गोळी पर्समध्ये ठेवतात, बाकीची पाकिटं मोठ्या बॅगेत. दहा तासांची तूट कोणी भरायची?

आम्हा बँकवाल्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या हुकमाने किरकोळ कर्जाचा सगळा खर्च ग्राहकाला एका तक्त्यात लिहून द्यावा लागतो. आम्ही कुरकुरलो, पण देतो. मग तिकिटावर तसा तक्ता का नको? ‘प्रवाशाचं घर कुठे, आम्हांला काय ठाऊक?’ असं कंपनी म्हणेल. कबूल. निदान विमानतळाच्या दारापासून दारापर्यंतचे २१ तास तरी ठळक छापा!

तोवर आजी, गोळ्या दोन दिवसांच्या जवळ ठेवा. आकडा त्यांचा असला तरी रक्तदाब तुमचा आहे.