तरुण वेगाचा हप्ता

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, चौथ्या अधिकरणात, गाडी हाकणाऱ्यांसंबंधी काही नियम आहेत. हाकणारा अज्ञान असेल आणि मालक आत बसला असेल तर दंड मालकाला. मालक नसेल तर जो कोणी आत बसला असेल त्याला. आणि पोराच्या हाती सोपवलेली गाडी राजाने सरळ ताब्यात घ्यावी, असा त्यांचा आशय आहे. पुरुष सोळाव्या वर्षी सज्ञान होतो, असे त्याच ग्रंथाचे मत. २०१९च्या दुरुस्तीने आपल्या मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आले. अज्ञान मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही, अशी त्याची तरतूद. दोन हजार वर्षांचे अंतर ओलांडून हे दोन नियम एकमेकांना इतके जवळचे वाटतात, की मधल्या काळात राज्यकर्ते काही नवे शिकले की नाही, असा प्रश्न पडावा. दोन्हींची मर्यादाही एकच आहे: दोन्ही गुन्हा घडून गेल्यावर जागे होतात.

घडण्याआधीच किंमत मागणारी व्यवस्था मधल्या शतकांत उभी राहिली, ती विम्याची. लंडनला एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाऊसमध्ये १६८०च्या दशकात जहाजमालक आणि जोखीम उचलणारे एकत्र बसू लागले, तेव्हा जहाज किती जुने, कप्तान कोण, समुद्र कोणता, हे पाहूनच दर ठरे. १६९३ साली एडमंड हॅलीने, धूमकेतूमुळे आपण ज्याला ओळखतो त्यानेच, ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून वयागणिक मृत्यूचे कोष्टक मांडले. १७६२ला स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने वयानुसार हप्ता घेण्याची रीत पक्की केली. आयुर्विम्याच्या त्या कोष्टकात तारुण्य सर्वांत स्वस्त होते. पुढे मोटारीने हे गणित उलटे केले, आणि विसाव्या वर्षी ज्याला आयुष्याचा विमा फुटकळ रकमेत मिळतो त्यालाच गाडीचा विमा सर्वांत महाग पडू लागला.

गटावरून माणसाची किंमत ठरवण्याच्या या पद्धतीला एक काळी बाजूही आहे, आणि ती आपल्याला विशेष ठाऊक असायला हवी. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात व्यवसाय करणाऱ्या ब्रिटिश विमा कंपन्या हिंदी माणसाच्या आयुष्यावर युरोपियनापेक्षा जादा हप्ता लावत. माणूस कसा जगतो याची चौकशी नंतर, तो कोण आहे याची आधी. १८७०च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल लाइफ अॅश्युरन्स सोसायटी निघाली आणि तिने हिंदी लोकांना नेहमीच्याच दराने विमा दिला, हा आपल्या आर्थिक इतिहासातला एक शांत पण मोठा निषेध होता. तेव्हा आज अठरा वर्षांचा मुलगा ‘मी अपघात केलेला नसताना माझ्या वयाचा दंड मला का?’ असे विचारतो, त्याला उडवून लावू नये. त्याच्या प्रश्नाला वंशावळ आहे. फरक इतकाच, की तारुण्य कोणाचे कायम राहत नाही, आणि नवशिक्या हातातल्या चाकाचा धोका पूर्वग्रहातून निघालेला नसून दर पिढीच्या अपघातांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसलेला आहे.

मोटारविम्याच्या अगदी आरंभीच्या पॉलिसींपैकी एक अमेरिकेतली. ट्रॅव्हलर्स कंपनीने १८९८ साली बफेलोच्या एका डॉक्टरला पॉलिसी दिली तेव्हा रस्त्यावर घोड्यांचे राज्य होते आणि मोटार हे श्रीमंतांचे खूळ. खूळ सार्वत्रिक झाले तसा विमा सक्तीचा झाला: मॅसॅच्युसेट्समध्ये १९२७ला, ब्रिटनमध्ये १९३०च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने. या ब्रिटिश कायद्याचा विरोधाभास मात्र कोणी फारसा सांगत नाही. ज्या कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला त्याच कायद्याने मोटारींवरची ताशी वीस मैलांची वेगमर्यादा काढून टाकली. विमा आहे ना, मग वेगाची काळजी कशाला, असा काहीसा भाव त्यामागे असावा. १९३५ साली दाट वस्तीच्या भागांत ताशी तीस मैलांची मर्यादा आणावी लागली. विमा नुकसान भरून देतो, माणूस परत देत नाही, हे उमगायला संसदेला पाच वर्षे लागली.

त्याच ब्रिटनने आणखी एक धडा दिला. १९२१पासून तिथे मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर होता. पण ही अश्वशक्ती खरी मोजलेली नव्हती, सिलिंडरचा व्यास आणि संख्या यांवरून सूत्राने काढलेली होती. पिस्टन किती लांब धावतो हे सूत्र पाहतच नसे. परिणामी इंग्रज अभियंत्यांनी वर्षानुवर्षे अरुंद आणि लांब सिलिंडरची इंजिने काढली, कागदावर दुबळी आणि रस्त्यावर पुरेशी. कर मोजतो ते आणि गाडी करते ते यांत फट ठेवली की हुशार माणूस त्या फटीतून गाडी काढतो.

अमेरिकेत ही फट तरुणांच्या नावाने उघडली. १९३०च्या दशकाअखेर तिथल्या विमा कंपन्या चालकाचे वय आणि गाडीचा वापर पाहून दर ठरवू लागल्या होत्या, पण खरी कसोटी १९६४ला लागली. पाँटिअॅक या मोटार कंपनीत जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजिन बसवले, त्याला जीटीओ नाव दिले आणि युद्धानंतर जन्मलेल्या, नुकताच परवाना मिळालेल्या पिढीसमोर ठेवले. किंमत त्या पिढीच्या आवाक्यात होती. आवाक्याबाहेर होता तो परिणाम. दशक संपता संपता विमा कंपन्यांनी वजन आणि अश्वशक्ती यांचे प्रमाण काढून अशा गाड्यांवर जबर अधिभार लावला, आणि पंचवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलाला वर्षाचा हप्ता गाडीच्या कर्जाच्या हप्त्यांशी तोलावा लागू लागला. कारखानेही गप्प बसले नाहीत. जाहिरातीत ताकद फुगवणारी मंडळी आता माहितीपत्रकात ती कमी लिहू लागली. शेव्हरोलेच्या कॅमॅरो झेड/२८ची २९० अश्वशक्ती ही त्या काळातली सर्वांना ठाऊक असलेली नम्रता. पुढे १९७०चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ची तेलबंदी आली, म्हणून या गाड्यांच्या मृत्यूचे श्रेय सहसा त्यांना दिले जाते. पण पहिला घाव विम्याच्या कोष्टकाचा होता.

वीस वर्षांनी ब्रिटनमध्ये तेच नाटक नव्या पात्रांनी झाले. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, प्यूजो २०५ जीटीआय आणि त्यांच्या भावंडांनी ऐंशीचे दशक गाजवले. नव्वदीच्या आरंभी अपघात आणि चोऱ्या यांनी विम्याचे दर असे चढले की तरुणाला छोटी गाडी घेणे जमे आणि तिचा विमा घेणे जमत नसे. मग एक जुनी युक्ती नव्याने रुळली: पॉलिसीवर मुख्य चालक म्हणून वडील, प्रत्यक्षात चाक मुलाच्या हाती. तिथे तिला ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ती फसवणूक ठरते. त्यावरचा तोडगा म्हणून पुढे काळी पेटी आली, जी ब्रेक, वळण आणि रात्रीचे तास मोजते. न्यायाचा प्रश्न दरम्यान मिटला नव्हताच. युरोपीय न्यायालयाने २०११ साली निकाल दिला आणि २०१२च्या डिसेंबरअखेरपासून मुलगा की मुलगी यावरून दर ठरवणे युरोपीय संघात बंद झाले. वयावरून ठरवणे चालू राहिले. कॅलिफोर्नियाने १९८८च्या सार्वमताने वेगळी वाट धरली: चालवण्याची नोंद, वर्षाचे मैल आणि अनुभवाची वर्षे यांना अग्रक्रम. मला ती अधिक न्याय्य वाटते. चाळिसाव्या वर्षी प्रथमच चाक धरणाराही नवशिकाच असतो.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा इतिहास पुस्तकातून वाचावा लागत नाही. मुलगा सतरा वर्षांचा झाला, त्याला प्रोबेशनरी परवाना मिळाला, की घराच्या पॉलिसीत त्याचे नाव घालताच आकडा उडी घेतो. आणि गाडी मस्टँगसारखी असेल, तर जुनी कोरोला चालव, असे सांगायला आईवडिलांना उपदेशाची गरज उरत नाही, कंपनीचे कोटेशन पुरते. २०१०पासून त्या राज्यात एकवीस वर्षांखालच्या अशा चालकाने नंबरप्लेटवर लाल पट्टी लावायची असते. पोरांना ती लाजिरवाणी वाटते. वाटू द्यावी.

आणि आपण? १९३९चा मोटार वाहन कायदा ब्रिटिश घडणीचा. त्यातली विम्याची सक्ती १९४६च्या जुलैत लागू झाली. १९७२ला सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, दर सरकारी कोष्टकाने बांधले गेले, आणि त्या कोष्टकाने गाडी कुठली, किती जुनी, किती सीसीची, मुंबईपुण्यासारख्या ‘अ’ विभागातली की बाकीच्या ‘ब’मधली, एवढेच पाहिले. चालवणार कोण, हा रकाना दरात नव्हता. त्या काळी त्याची गरजही भासली नाही: १९८३अखेर मारुती ८०० आली तेव्हा ती वडिलांची आयुष्यभराची कमाई होती, मुलाचे पहिले खेळणे नव्हते. २००७ला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचे दर आजही सरकारच ठरवते. १ जून २०२२पासूनच्या कोष्टकात खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. साठीतले निवृत्त शिक्षक आणि कालच परवाना मिळालेला मुलगा यांच्यात हे कोष्टक भेद करत नाही.

ब्रिटिश करसूत्राची फट इथे जशीच्या तशी सापडते. टर्बोचार्जर आल्यापासून सीसी आणि ताकद यांचे नाते सुटले आहे. ह्युंदाईची आय२० एन लाइन ९९८ सीसीची आणि १२० पीएसची. तिच्यामागे लागणारा थर्ड पार्टी हप्ता सर्वांत खालच्या पायरीचा, जुन्या मारुती ८००चाच. दीडशे पीएसची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १४९८ सीसीत बसते, म्हणून मधली पायरी. आणि गावाकडची, माणसे व धान्याची पोती वाहणारी दोन लिटरवरची डिझेल गाडी सर्वांत वर. शोरूममध्ये कानावर पडणारे वाक्यही लक्षात घ्यावे: ‘काका, गाडी तुमच्या नावावर घ्या, जुन्या गाडीचा एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, इकडे वळवून देतो.’ वडिलांनी पाच वर्षे एकही क्लेम न करता मिळवलेली पन्नास टक्के सवलत, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यापुरती का होईना, मुलाच्या पहिल्या स्पोर्टी गाडीला लागते. ब्रिटनमध्ये जी लबाडी ठरते ती इथे सेल्समनची सेवा आहे, आणि नियमात पूर्ण बसते, कारण एनसीबी मालकाला चिकटतो, चालकाला नाही.

जे आधी घेतले नाही ते नंतर कोणीतरी देतोच. चालकाकडे वैध परवाना नसला तरी कंपनीने बळी पडलेल्याला आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या स्वरण सिंग खटल्यात ठरवले. बळीच्या दृष्टीने हा निकाल रास्तच आहे. पण त्याचा अर्थ असा की नवशिक्या वेगाची किंमत आपण न्यायाधिकरणाच्या दारात मोजतो, आणि सांभाळून चालवणाऱ्या सर्वांच्या हप्त्यांत ती थोडी थोडी विरघळवतो.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. त्याला जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. त्या गाडीची कायमची नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे रखडली होती, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. अशा घरांत हप्ता दसपट केला तरी कोणाची झोप उडणार नाही, हे विम्याच्या समर्थकांनी प्रामाणिकपणे मान्य करावे. हप्ता मध्यमवर्गाला आवरतो. दिवाणखान्यातल्या कोटेशनने मॅसॅच्युसेट्सपासून एडिसनपर्यंत काही आवरले असेल तर ते पगारावर जगणारे घर.

म्हणून दोन्ही बाजूंनी काम करावे लागेल. विमा नियामकाने २०२२च्या जुलैत किती चालवता आणि कसे चालवता यावरून दर ठरवण्याची मुभा दिली आहे, पण ती ऐच्छिक आहे आणि स्वतःच्या नुकसानीपुरती; थर्ड पार्टीच्या कोष्टकात सीसीऐवजी वजनास ताकद आणि चालकाची अनुभवाची वर्षे आणायला तांत्रिक अडचण फारशी नाही. पैशाने न आवरणाऱ्यांसाठी परवानाच टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो, जसा न्यूझीलंडने १९८७पासून दिला: आधी सोबतीला अनुभवी माणूस, मग रात्रीची आणि बरोबर कोण बसेल याची बंधने, आणि त्यानंतरच पूर्ण मोकळीक. आपल्याकडे अठरा पूर्ण झालेल्याने आरटीओची चाचणी पास केली आणि परवाना हातात आला, की त्याच रात्री गाडीत चार मित्र भरून, कितीही अश्वशक्तीच्या गाडीने एक्स्प्रेसवेवर जायला कायद्याची आडकाठी नाही.