आधी म्हावरं, मग फिश

जून जवळ आला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा विषय मागे पडतो आणि शाळेचा विषय निघतो. या वेळीही तेच झालं. कोळीवाड्यातली आमच्या गटातली एक जण, पहाटे बंदरावरून टोपली भरून आणून दारोदार मासे विकणारी, म्हणाली, "वैनी, पोरीला जिल्हा परिषदेच्या शालेतून काढायचं ठरवलंय. रोडला इंग्लिश मीडियम निघालंय, गाडी दारात येते. फी लय आहे, पण गल्यातलं गहाण ठेवीन."

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बोलायला तोंडच नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. मुलाला चौथ्या वर्षी इंग्रजी शाळेत घातलं. शाळेने सांगितलं, घरी मराठी बोलू नका. मी बी.ए. झालेली, पण इंग्रजी बेताचंच. तरी "हँड वॉश कर, मिल्क ड्रिंक कर" सुरू केलं. दिवसभर चिवचिवणारा माझा मुलगा हळूहळू मुका झाला. एके दिवशी वर्गात त्याला लघवीला जायचं होतं. इंग्रजीत कसं विचारायचं ते त्याला येईना आणि मराठीत विचारायची भीती. चड्डी ओली करून घरी आला. आणि मी त्याला जवळ घ्यायचं सोडून ओरडले! ते आजही आठवलं की पोटात कालवतं.

मैत्रिणींनो, आपल्या मुलांना इंग्रजी यायला हवं, यात वाद नाही. त्या बाईचं काय चुकलं? आमच्या अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर आता पर्यटक येतात, रिसॉर्ट झालीत. आपल्या पोरीने टोपली न उचलता काउंटरवर बसावं, बँकेत जावं, असं तिला वाटतं. प्रश्न इंग्रजी हवं की नको हा नाहीच. ते मुलाच्या गळी कसं उतरवायचं, हा आहे.

मी आठवड्यातून एकदा गोष्टी वाचून दाखवायला कोळीवाड्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. एकदा पहिलीचा इंग्रजीचा तास चालू होता. बाईंनी माशाचं चित्र दाखवलं. एक पोर ओरडलं, "म्हावरं!" मला वाटलं, आता बाई म्हणणार, चूक. पण बाईंनी फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले. म्हावरं, मासा आणि इंग्रजी अक्षरांत फिश. मग होरी, होडी, बोट. मग जाल, जाळं, नेट. आपल्या घरातला शब्द फळ्यावर आलेला पाहून पोरं अशी खुलली म्हणता! ज्या मुलांना पुस्तकातली मराठीही अर्धी परकी, त्यांच्यासाठी बाईंनी घरापासून इंग्रजीपर्यंत दोन पायऱ्या बांधून दिल्या होत्या.

नंतर बाईंशी बोलले. पहिले काही महिने त्या कुणालाही उभं करून इंग्रजी बोलायला लावत नाहीत. "स्टँड अप", "क्लॅप", "टच युवर नोज" म्हणायचं आणि मुलांनी करून दाखवायचं. कानावर पडू दे, तोंडात आपोआप येईल, असं त्या म्हणतात. बुजऱ्या मुलाशेजारी बडबड्याला बसवतात. वाडीवरचा एक कातकरी मुलगा आहे. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तेव्हा तोही जातो. परत आला की त्याला चित्रावरून आधी त्याच्या बोलीत गोष्ट सांगू देतात, मग मराठीत, मग जमतील तेवढे इंग्रजी शब्द.

यात नवीन काही नाही. आपल्याच कोकणपट्टीत, वर बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना त्यांच्याच परिसरातल्या वस्तूंतून शिकवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. कॅनडाचे भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं आहे, की दुसऱ्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरतं मुलाला साधारण दोन वर्षांत येतं, पण त्या भाषेत धडे समजून अभ्यास करायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि पहिली भाषा जितकी पक्की, तितका दुसरीला आधार मिळतो. म्हणजे घरची भाषा बंद करून आपण मुलाच्या पायाखालची फळीच काढून घेतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही, शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच आयांना माहीत नसते. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली तो निर्णय झाला. तेव्हा केवढा वाद झाला होता! पुढे २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय निघाला, पुन्हा गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. तिसरी भाषा, तिसरी भाषा असं सगळे म्हणत होते, तेव्हा मला राहून राहून वाटत होतं, आमच्या कातकरवाडीवरच्या पोराला तर इंग्रजीच तिसरी आहे!

सगळं गोड आहे असंही नाही. सगळ्याच शाळांत अशा बाई नसतात. कुठे एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग, कुठे गुरुजींना स्वतःलाच इंग्रजी बोलायचा धीर नाही, वर निवडणुकीची कामं. पण शाळा सोडणं हा एकच उपाय आपल्या हातात आहे का? सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आपण काय करतो? सही करून परत येतो. त्या बैठकीत विचारा ना, इंग्रजीचा तास रोज होतो का? मुलांच्या हातात गोष्टींची पुस्तकं येतात का? गुरुजींना इंग्रजीचं प्रशिक्षण कधी मिळालं?

आणि घरी? इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नका. मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा, कामाला जोडीला घ्या. बिस्किटाच्या पुड्यावरची, एसटीवरची, बोटीच्या इंजिनावरची इंग्रजी अक्षरं त्यालाच वाचायला सांगा. त्याने आपल्याला शिकवलं, तर त्याचं पक्कं होतं आणि आपलंही.

परवा त्या बाईला म्हटलं, पोरीला काढायचं तर काढ, पण एकदा माझ्याबरोबर चल. आली. दारातच उभी राहिली. तिची पोरगी फळ्यावरचं बोट लावून वाचत होती. आईकडे बघून हसली आणि आणखी मोठ्याने वाचू लागली. तास संपल्यावर आईने बाईंना विचारलं, "बाई, कोलंबीला काय म्हणायचं?"

"प्रॉन."

"आणि सोड्यांना?"

बाई हसल्या. "सुके प्रॉन म्हणू या. पण ते कसे करतात, हे तुम्हीच येऊन मुलांना सांगा. इंग्रजी शब्द मी शोधून ठेवते."

पुढच्या आठवड्यात ती जाणार आहे. पोरीला काढायचं की ठेवायचं, हे तिचं तीच ठरवील. तूर्त तिच्या गळ्यातलं गळ्यातच आहे. माझ्या मुलाच्या वेळी मला कुणी असं दारात नेऊन उभं केलं असतं तर, असं मात्र येताना वाटलं. तुमच्या शेजारी अशी कुणी असेल, तर तिला घेऊन एकदा शाळेत जाऊन या.