पुणे कुठून सुरू होते?

घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे जिल्ह्याला ठाऊक असलेल्या न्हावऱ्याहून पुण्याला जाण्याचे दोन सरावाचे मार्ग आहेत : एक तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, वाघोली असा नगर रस्त्याचा आणि दुसरा चौफुल्याला सोलापूर रस्त्याला मिळणारा. पहिल्या मार्गाने प्रथमच शहर पाहायला निघालेल्या माणसाला आधी गोंधळात टाकते ते हे, की शहर नेमके लागले कधी ते कळतच नाही. गावाला वेस असते, म्हणजे गावठाणाच्या तोंडाशी असलेला दरवाजा किंवा त्याची उरलेली खूण, आणि ती ओलांडली की माणूस गावात आला असे धरतात. वाघोली २०२१ साली महानगरपालिकेत आली ती कागदावर, एसटीच्या खिडकीतून त्या हद्दीचा काही पत्ता लागत नाही.

रामवाडीला मेट्रोत बसून कसबा पेठेकडे जायचे, तर जिल्हा न्यायालय (पूर्वीचे दिवाणी न्यायालय) स्थानकावर उन्नत मार्गिका सोडून सुमारे ३३ मीटर खोल उतरावे लागते. विहिरीची खोली न्हावऱ्याकडची जुनी माणसे परसात मोजतात. परूस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढे माप. त्या हिशेबाने हे स्थानक चौदा-पंधरा परूस भरते, आणि एवढ्या खोलवर पाण्याऐवजी संगमरवरासारखी चकचकीत फरशी लागावी, याचे नवल सरकत्या जिन्याच्या नवलापेक्षा जास्त टिकते.

खरा घोळ होतो तो वर आल्यावर, पेठांच्या नावांनी. ज्याच्या लेखी वार म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा दिवस, तो शनिवार पेठेत शनिवारी बाजार भरत असणार असे मानून चालतो, आणि या समजुतीला हसण्याचा हक्क पुणेकरांना फारसा नाही, कारण त्यांच्यातही ती प्रचलित आहे. वस्तुतः यांतील काही वस्त्या वारांच्या नावांहून जुन्या आहेत : शनिवार पेठ मुर्तुजाबाद होती, सोमवार पेठ शहापूर, रविवार पेठ मलकापूर, आणि गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. पेठ म्हणजे मुळात सरकारी आश्रयाने वसवलेली व्यापारी वस्ती; ती वसवण्याचे काम शेटे-महाजनांकडे, म्हणजे बाजाराच्या वतनदार अधिकाऱ्यांकडे असे, आणि व्यापारी येऊन राहावेत म्हणून कौल, म्हणजे काही वर्षांच्या करसवलतीचे अभयपत्र, दिले जाई. कसबा तेवढा या सगळ्यांआधीचा. परगण्याच्या मुख्य गावाला कसबा म्हणत, म्हणजे पाहुणा शहराच्या पोटात शिरून शेवटी एका गावातच पोचतो. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, तेव्हा हे गाव म्हातारे होते. वेस शोधायची तर ती येथे, वाघोलीला नव्हे.

उन्हात फिरून दमलेला हा माणूस रसवंतीपाशी थांबतो. चरकाला बांधलेले घुंगरू लाकडी घाण्याच्या बैलांची आठवण देतात; आल्याचा तुकडा आणि लिंबू उसाच्या घडीत घालून ती तीनदा चरकातून काढली जाते, चोथा पाटीत पडतो आणि फेसाळ रस बर्फावर ओतला जातो. आयुष्यभर ऊस टनाने घालणाऱ्याला तो ग्लासाने विकत घ्यावा लागतो, याचे त्याला जरा हसूही येते, पण ग्लास हातात येईपर्यंत त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या मोळीवर असते, कांड्याची लांबी, डोळा, साल निरखत : हा वाण शहाऐंशी-बत्तीस, की दोनशे पासष्ट?